शेवयांचं मशीन आणि घरातला टीव्ही

गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी धरून चालले होते की उन्हाळ्याच्या आत मी पुन्हा स्टॉलवर उभी राहीन. गाठ साधी निघाली, टाके सुकले, गिळताना दुखायचंही थांबलं. आवाज मात्र आला नाही. बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर पडायची, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. अमरावतीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक हलत नाही, नस दुखावली आहे. काहींचा आवाज काही महिन्यांत येतो, काहींचा अर्धाच येतो. व्यायाम लिहून दिले, आणि निघताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा, ओरडायचं नाही."

माझा धंदाच ओरडायचा होता.

आम्ही हाताने फिरवायची शेवयांची मशीनं विकतो. त्याबरोबर सोऱ्या, किसण्या, वेफर कापायच्या पट्ट्या असं सगळं. सुटे भाग बाहेरून येतात. माझे यजमान घरामागच्या खोलीत ते जोडतात, घासतात, एकेक दांडा फिरवून पाहतात. बनवायचं त्यांनी, बोलायचं मी, अशी वाटणी लग्नानंतर कधी झाली ते आम्हालाही आठवत नाही. अमरावती, अकोला, मधल्या गावांतली बचत गटांची प्रदर्शनं, जत्रा, शाळांची मैदानं, जिथे जागा मिळेल तिथे आम्ही टेबल मांडायचो. "या ताई, घ्यायचं नसलं तरी फिरवून पाहा, फिरवायचे पैसे नाही!" ही माझी हाक गेटवर ऐकू यायची. शेजारचे स्टॉलवाले म्हणायचे, बाई, तुम्हाला माईकची गरज नाही. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

ऑपरेशननंतर पहिल्या प्रदर्शनाला यजमान एकटे गेले. संध्याकाळी सगळा माल जसाच्या तसा परत आला.

"काय झालं?" मी विचारलं. म्हणजे ओठ हलवले.

"लोकं आले. पाह्यलं. गेले."

"तुमी काय बोलले त्याइले?"

ते चप्पल काढता काढता थांबले. "त्याइनं काई विचारलंच नाई."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीला आवाज नव्हता. माणूस असाच आहे. विचारलं तेवढ्याचं उत्तर देणार, आणि तेही मान खाली घालून. त्यांच्या हातातलं काम पाहिलं तर कोणीही मशीन घेईल, पण लोक हातापर्यंत पोचायला तर हवेत!

माझी मोठी नणंद अकोल्याला शाळेत शिक्षिका आहे. तिने फोनवर सुचवलं, एखादी पोरगी ठेवा बोलायला. यजमानांनाही ते पटलं. मला नाही पटलं. ठेवलेली पोरगी काय बोलेल? "घ्या हो घ्या" म्हणेल. पीठ किती घट्ट हवं, मीठ कधी घालायचं, चकती कोणत्या बाजूने बसवायची, हे तिला कोण सांगणार, आणि कोणत्या आवाजात? खरं कारण मात्र वेगळं होतं. माझ्या जागी दुसरी कोणी उभी राहिलेली मला पाहवणार नव्हती.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी अमरावतीत साड्या घ्यायला गेलो. दुकानात गर्दी होती, आम्हाला बाकावर बसवलं. समोर भिंतीवर मोठा टीव्ही. त्यात एक बाई पदर फिरवत होती, काठ जवळून दिसत होते, मग दुसरी साडी, मग तिसरी, आणि परत पहिली. आवाज बंद. मी ते तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदाही पाहत होते. बाजूच्या बाया पाहत होत्या. कडेवरचं लेकरू पाहत होतं. त्या टीव्हीत कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि आमच्यातली एक बाई उठून दुकानदाराला म्हणाली, "ती दाखवा, हिरवी, आत्ता गेली ती."

घरी आल्यावर मी आमच्या टीव्हीकडे बोट दाखवलं.

"हा काढा खाली," मी कुजबुजले. "स्टॉलवर नेऊ."

"मंग घरी काय पाह्याचं?"

"मले पाहा."

ते पाना घेऊन आले.

व्हिडिओ काढायचं मला सोपं वाटलं होतं. स्टुलाच्या दांडीला फोन सुतळीने बांधला, ओट्यावर मशीन बसवलं, पीठ मळून ठेवलं. पहिल्या वेळी पंख्याची सावली सारखी पिठावरून फिरत राहिली. दुसऱ्या वेळी मध्येच नणंदेचा फोन आला आणि व्हिडिओ तिथेच थांबला. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं. मी खूश होऊन टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, तर पडद्याच्या मधोमध एक उभी अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं. फोन उभा बांधला होता. आडवा बांधून पुन्हा सगळं केलं. या वेळी टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही.

ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने रिमोटची बटणं दाबून पाहिली. म्हणाला, "ताई, जाहिरातीचा टीव्ही वेगळा येते. त्यात सगळं आपोआप होते. हा घरचा हाय. याच्यात एक बार लागन अन् बंद होईन." तो नव्या टीव्हीची किंमत सांगायला लागला तेव्हा मी हात जोडले.

मग मी स्वतःच बसले. मला ऐकू नीट येत होतं, डोळे नीट होते, दोन हात होते. बोलता येत नाही म्हणून दिवसभर घरात कोणाशी गप्पा नव्हत्या, वेळच वेळ होता. फोनच्या कॅमेऱ्याची एकेक सेटिंग उघडली. फोन व्हिडिओ जागा वाचवणाऱ्या नव्या पद्धतीने साठवत होता आणि आमच्या जुन्या टीव्हीला ती पद्धत कळत नव्हती, हे सापडायला दोन दुपारी गेल्या. ती सेटिंग बदलली, पुन्हा पीठ मळलं, पुन्हा चित्रीकरण केलं. यजमान म्हणाले, "अवं, आता शेवया खाऊन खाऊन पोट दुखून राहिलं." पण व्हिडिओ लागला! माझेच हात, भिंतीएवढे मोठे. एवढ्या जवळून मी माझ्या नखांकडे कधी पाहिलं नव्हतं. दांडा फिरला आणि चकतीतून शेवया सरळ खाली उतरल्या.

संपल्यावर टीव्ही मुकाट्याने फाइलींच्या यादीवर जाऊन बसला. दुरुस्तीवाला म्हणाला होता तसंच. पण साडीच्या दुकानात माणूस काही दर वेळी बटण दाबायला उभा नव्हता. मी रिमोट हातात घेतला. घेतल्यापासून आम्ही त्याची वरचीच बटणं वापरत आलो होतो. खालच्या रांगेतल्यांवर अजून चकाकी होती. व्हिडिओ चालू असताना ती एकेक दाबत गेले. एकाने अक्षरं आली, एकाने चित्र ताणलं गेलं, आणि एकाने खाली एक लहान पट्टी उघडली. त्यात गोल फिरणारे दोन बाण होते. त्यावर जाऊन मधलं बटण दाबलं. शेवया संपल्या, पडदा क्षणभर काळा झाला, आणि माझे हात पुन्हा पीठ घ्यायला आले.

मी मागच्या खोलीकडे धावत गेले आणि यजमानांना हाताला धरून आणलं. ते घासकागद हातात घेऊनच उभे राहिले. आम्ही दोघांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला कोणास ठाऊक.

आवाजाचं काम नणंदेने केलं. अकोल्याहून तिने बोलून पाठवलं, शाळेत वाचून दाखवतात तसं, स्वच्छ आणि ठासून: "भगिनींनो, हे यंत्र वापरण्यास अत्यंत सुलभ आहे." मी ते व्हिडिओला जोडलं. ऐकताना थोडं परकं वाटलं, पण बोलणारं कोणीतरी आहे या आनंदात मी ते मनाआड केलं.

पुढचं प्रदर्शन अकोल्यालाच होतं. टीव्ही दोन गोधड्यांत गुंडाळून छोट्या टेम्पोत उभा ठेवला आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत यजमान त्याला एका हाताने धरून बसले. मैदानावर पोचलो तर व्यवस्था पाहणारा माणूस म्हणाला, प्रत्येक स्टॉलला एक बल्ब मिळतो, टीव्हीची परवानगी नाही. यजमान मागे सरकले. मी पुढे झाले आणि बोलायला गेले, त्याला काही ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, "मोठ्यानं बोला की बाई." मी गळ्यावरची खूण दाखवली. मग आमचा बल्ब काढून त्याच्या हातात दिला, आणि त्या जागेवर टीव्हीची वायर दाखवली. बल्ब नको, हे चालवते. तो म्हणाला, "ऊन असेपर्यंत ठीक आहे, अंधार पडल्यावर काय कराल?" मी टीव्हीकडे बोट केलं. उजेड त्याचाच पडणार होता. तो हसला आणि गेला. मी स्टूल ओढून टीव्ही टेबलावर चढवला.

पहिला दिवस वाईट गेला. स्टॉल पश्चिमेकडे तोंड करून होता. दुपारनंतर ऊन थेट पडद्यावर यायचं आणि त्यात माझ्या हातांऐवजी समोरचा रस्ता दिसायचा. नणंदेचा आवाज बाकीच्या गोंगाटात मिसळून जायचा. कोणी थांबत नव्हतं, पण शेजारच्या स्टॉलवरच्या बाईची त्या आवाजातून सुटका नव्हती. ती मसाले आणि लोणची विकत होती, मोठी मोकळ्या स्वभावाची बाई. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, राग नका मानू. पण ते 'भगिनींनो' मले आता पाठ झालं. सकायपासून ऐकून राहिली. माह्या गिऱ्हाइकाले म्या तिखटाचा भाव सांगाच्या ऐवजी 'अत्यंत सुलभ' म्हनलं!"

मला राग यायला हवा होता, पण ती खरं बोलत होती. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. ती कानावर हात ठेवून "हुश्श" म्हणाली आणि एक लोणच्याची वाटी देऊन गेली.

नणंदेच्या घरी जेवायच्या आधी मी तिला हे सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला लागलं आहे. मग मी तिच्यासमोर फोन ठेवला आणि म्हणाले, आवाजाऐवजी अक्षरं टाकू. मोठी, दोन-तीन शब्दांची. व्हिडिओ चालू असताना खाली येतील आणि जातील. ती लगेच तयार झाली. पहिली ओळ तिने सांगितली: "पीठ घट्ट मळून घ्यावे."

मी नकाराची मान हलवली आणि लिहिलं: "पीठ घट्ट पायजे."

"वहिनी, असं लिहितात का?"

"लिहीत नाई. म्हन्तात."

"अगं, लोक हसतील. म्हणतील यांना शुद्ध येत नाही. मी वर्गात पोरांना हेच खोडून देते."

"हसू दे ना ताई. हसाले तरी थांबतीन."

बराच वेळ आमची ओढाताण चालली. माझ्या घशातून हवेचा आवाज, तिचा वर्गातला आवाज, आणि मध्ये यजमान भाकरी मोडत बसलेले. शेवटी तिने त्यांना विचारलं, "तू सांग रे, काय लिहायचं?" त्यांनी घास गिळला. म्हणाले, "मशीन विकताना ही जे म्हने, थेच लिव्हा." मग तिनेच माझ्याकडून एकेक वाक्य काढून घेतलं. मी स्टॉलवर काय ओरडायचे ते तिला माझ्याइतकंच आठवत होतं. पीठ घट्ट पायजे. चकती अशी बसवा, उलटी नाई. दांडा हळू फिरवा, घाई कायले. हात दुखत नाई, पा. घ्याचं नसन तरी फिरवून पा. 'पायजे'वर तिचं बोट अडलं, पण तिने ते टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्ही एका बाजूला वळवला, म्हणजे ऊन थेट पडद्यावर येणार नाही आणि येणाऱ्यांना तो बाजूने दिसेल. गोधडीचा एक पदर वरून सोडून सावली केली. व्हिडिओ लावला, बाण फिरताहेत हे तपासलं, आणि खुर्ची घेऊन मागे बसले. बिनआवाजाचं विकणं मला येत नव्हतं. हात मांडीवर ठेवून गप्प बसणं मला त्या ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

आधी दोन मुली थांबल्या, वाचून फिदीफिदी हसल्या आणि गेल्या. मग एक बाई सासूला घेऊन आली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती सुनेला म्हणाली, "काय लिवलं थे?" सून वाचू लागली. "पीठ घट्ट पायजे म्हन्ते. चकती अशी बसवा, उलटी नाई." म्हातारी पडद्याच्या जवळ गेली. "मंग तू उलटीच बसवत असन. म्हनून तुह्या शेवया तुटतात." सून म्हणाली, "हो का? अन् हे वाचा, घाई कायले म्हन्ते. तुमालेच सांगून राहिली थे." दोघी हसल्या. त्यांच्या मागे आणखी बाया थांबल्या. ज्यांना वाचता येत होतं त्या इतरांसाठी मोठ्याने वाचत होत्या. माझी वाक्यं, जशीच्या तशी, माझ्याच चालीत. मी खुर्चीवर बसून ऐकत होते.

दुपारी ऐन गर्दीत टीव्ही विझला. पडदा काळा. मला वाटलं लाइट गेली, पण शेजारच्या मसालेवालीचा बल्ब चालू होता. नंतर कळलं की बराच वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही तर हा टीव्ही स्वतःच झोपतो, आणि ते बंद करायची वेगळी सेटिंग असते. पहिल्या दिवशी आवाज कमी-जास्त करायला मी सारखी बटणं दाबत होते, म्हणून तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी रिमोट दाबत होते, समोर बाया उभ्या, आणि एक जण वळून जायला निघाली. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं. नुसती हवा.

तेवढ्यात यजमान उठले. त्यांनी पिठाचा गोळा घेतला, चकती बसवली, एकदा उलटी करून दाखवली, मान हलवली, मग सुलटी केली. दांडा फिरवायला लागले, हळू. एक शब्द बोलले नाहीत. मान खालीच. पण बाया पडद्याकडे पाहत होत्या तशाच आता त्यांच्या हातांकडे पाहायला लागल्या. मघाची म्हातारी अजून तिथेच होती. ती म्हणाली, "घाई कायले!" आणि सगळ्या हसल्या. यजमानही हसले. परक्या बायांसमोर हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. टीव्ही परत लागला तोपर्यंत ती म्हातारी स्वतः दांडा फिरवत होती.

त्या दिवशी मांडलेल्या मालातलं टेबलावर फार काही उरलं नाही. पुढच्या दिवशी मसालेवालीने विचारलं, माझ्या तिखटाचं असं काही होईल का? तिच्या लोणच्याचा व्हिडिओ मी तिथेच काढून दिला, आमच्या शेवयांच्या मागे जोडला, आणि उरलेले दिवस ते दोन्ही एकामागे एक फिरत राहिले.

आवाज पुढे हळूहळू आला. पूर्वीचा नाही. आता मी बोलते ते समोरच्या माणसाला ऐकू येतं, शेजारच्या स्टॉलला नाही. गेटपर्यंतची हाक गेली ती गेलीच, आणि कधीकधी गर्दी पाहिली की ती छातीत उठते आणि मी पाणी पिते. पण स्टॉल मी सोडला नाही. यजमान पडद्याशेजारी उभे राहून मशीन फिरवतात, मी हिशेबाला आणि प्रश्नांना बसते, आणि घरच्या भिंतीवर टीव्हीचे स्क्रू तसेच बाहेर आलेले आहेत.

या वर्षी तिवस्याच्या एका बचत गटाने बोलावलं. त्यांनी हायवेवर पापड-कुरडयांचं लहान दुकान काढलंय आणि कोणीतरी जुना टीव्ही दिलाय. मी बसने गेले. त्यांना वाटलं मी येईन, लावून देईन आणि जाईन. मी रिमोट त्यांच्यातल्या सगळ्यांत कुरकुरणाऱ्या बाईच्या हातात दिला.

"मले नाई समजत थे."

"मलेबी नव्हतं समजत. खालची रांग पाहा."

तिने चुकीचं बटण दाबलं, चित्र ताणलं गेलं, बाकीच्या ओरडल्या. तिने पुन्हा दाबलं. मी हात मागे बांधून उभी राहिले, अगदी तोंडाशी आलेलं सांगितलं नाही. फिरणारे बाण तिला सापडले तेव्हा तिने रिमोट छातीशी धरला आणि दुसरी मागायला आली तरी दिला नाही. पडद्यावर, त्यांनीच आधी फोनवर काढून ठेवलेल्या व्हिडिओत, त्यांच्याच अंगणातला पापड लाटला जात होता. हात कोणाचे यावरून त्यांचं भांडण सुरू झालं, कारण दोघींच्या बांगड्या सारख्याच होत्या. मला अमरावतीची बस धरायची होती. त्यांचं भांडण आणि पापड दोन्ही परत पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा मी पिशवी उचलली आणि रस्त्याला लागले.